मॅडमच्या कोर्टात

गोव्यात तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बाई बसलेली दिसली, तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. म्हापसा, डिचोली, फोंडा, केपे, मडगाव, वास्को, कुठंही जा, बाहेर बाकावर बसलेला पक्षकार आपल्या वकिलाला विचारतो, "मॅडम आल्या काय?" इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२२ च्या अहवालात गोव्याच्या कनिष्ठ न्यायालयांतलं स्त्रियांचं प्रमाण सुमारे ७० टक्के होतं, देशात सगळ्यांत जास्त. पुढच्याच वर्षीच्या आकड्यांनुसार देशभरातल्या जिल्हा न्यायव्यवस्थेत हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास आणि उच्च न्यायालयांत १३ ते १४ टक्के. सर्वोच्च न्यायालयात आजवर एकूण ११ स्त्रिया न्यायमूर्ती झाल्या.

ज्येष्ठ महिला न्यायमूर्तींवर आपल्याकडं लिहिलं जातं ते शपथविधीच्या नाहीतर निवृत्तीच्या दिवशी. पहिल्या कोण, दुसऱ्या कोण, कुठला गाजलेला निकाल त्यांचा, एवढ्यावर लेख संपतो. त्या लेखांत सगळ्यांत महत्त्वाची वर्षं गळतात, असं माझं ठाम मत आहे. न्यायाधीश घडतो तो साक्षी नोंदवताना, आणि ते काम खालच्या कोर्टात होतं. वरच्या न्यायालयात कागद वाचले जातात. माणूस समोर उभा असतो तो खाली.

फातिमा बीवींचा प्रवासच घ्या. १९५० मध्ये वकिली सुरू केली, १९५८ मध्ये केरळच्या न्यायसेवेत मुन्सफ, म्हणजे सगळ्यांत खालच्या दिवाणी कोर्टाच्या न्यायाधीश, झाल्या, १९६८ मध्ये सबॉर्डिनेट जज, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश. मधे प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण, मग १९८३ मध्ये केरळ उच्च न्यायालय. ६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती म्हणून गेल्या आणि २९ एप्रिल १९९२ ला निवृत्त झाल्या. मुन्सफीपासून उच्च न्यायालयापर्यंत २५ वर्षं आणि सर्वांत वरच्या खुर्चीवर अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांचं कौतुक आपण करतो. आधीच्या २५ वर्षांत त्यांनी किती साक्षीदारांना "सावकाश सांगा, घाबरू नका" म्हटलं असेल, ते कुठंच छापलेलं नाही.

सुजाता मनोहर यांची वाट वेगळी. त्या वकिलीतून थेट वर आल्या. १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती, १९९४ मध्ये तिथल्याच पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती, मग केरळ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालय. गोव्याला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ मिळालं ते ३० ऑक्टोबर १९८२ ला; त्याआधी इथं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. पुढं अनेक वर्षं खंडपीठ पणजीत आल्तिनोवर होतं आणि मार्च २०२१ मध्ये ते पर्वरीच्या नव्या इमारतीत गेलं. गोव्याच्या न्यायसेवेतून वर गेलेल्या अनुजा प्रभुदेसाई २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात बसणाऱ्या कितीतरी जणींना तो दरवाजा उघडू शकतो हे दिसलं.

आता त्या खालच्या कोर्टात शिरू. बोर्डावर पन्नास प्रकरणं लागलेली असतात. शिपाई पुकारा करतो. पहिला तास तारखा देण्यात जातो, आणि नवख्या न्यायाधीशाची पहिली परीक्षा इथंच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार सुनावणीच्या टप्प्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. तरी दावे वीस वर्षं चालतात, आणि त्याचं एक साधं कारण रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, सापडतं. 'पक्षकारांच्या विनंतीवरून तहकूब' एवढंच लिहिलं, तर पुढच्या न्यायाधीशाला कळत नाही की तारीख कुणी मागितली, का मागितली आणि ही कितवी. चांगली न्यायाधीश तीन ओळी जास्त लिहिते: कोण हजर, कोण गैरहजर, साक्षीदार आला होता की नाही, आला असूनही परत का पाठवला, खर्च बसवला का. काणकोणहून दोन बस बदलून आलेला साक्षीदार संध्याकाळी तसाच परत गेला, तर तो पुढच्या तारखेला येईलच असं नाही. तो आला होता आणि त्याला कुणामुळं परत जावं लागलं, हे रोजनाम्यातच असायला हवं.

दुसरं काम मुद्दे काढण्याचं. दाव्यात नेमकं काय सिद्ध करायचं आणि कुणी करायचं, हे सुरुवातीलाच ठरवून लिहावं लागतं. वकिलांनी दिलेला मसुदा जसाच्या तसा घेतला की मुद्दा चुकतो आणि तो अपिलात उघडा पडतो. तोवर दहा वर्षं गेलेली असतात आणि प्रकरण फेरसुनावणीला खाली येतं. गोव्यात याला एक खास फाटा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्यानं आपण मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीनं तिथं घर करून राहणारे, असल्याचं म्हटलं, तर तो प्रश्न दिवाणी कोर्टानं स्वतः सोडवायचा नसतो. तो मामलेदाराकडं पाठवावा लागतो. हे पहिल्याच टप्प्यात लक्षात आलं नाही, तर साक्षी होतात, निकाल होतो आणि शेवटी अधिकारच नव्हता असं निघतं. दोन्ही बाजूंची माणसं तोवर म्हातारी झालेली असतात.

मग साक्ष. बाहेरच्या माणसाला वाटतं, साक्षीदार बोलतो आणि टंकलेखक लिहितो. तसं नसतं. साक्षीदार कोंकणीत बोलतो, कधी मराठीत. वकील इंग्रजीत नाहीतर कोंकणीत विचारतात. हाती असलेला दस्तऐवज कधी पोर्तुगीजमधला असतो. नोंद इंग्रजीत होते आणि ती न्यायाधीश स्वतः सांगते. म्हणजे ऐकणं, समजणं, मनात दुसऱ्या भाषेत फिरवणं आणि सांगणं हे एका दमात, तासन्‌तास. त्यातच सरतपास, उलटतपास आणि फेरतपासाच्या मर्यादा सांभाळायच्या.

इथं घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. उलटतपासात वकील नकारार्थी सूचना करतात. "तूं त्या दिसा थंय नासलो, खरें न्हय?" (तू त्या दिवशी तिथं नव्हतास, खरं ना?) साक्षीदार म्हणतो, "हय," म्हणजे हो. हे हय कशाला? नव्हतो, खरं आहे, असं? की होतो, असं? घाईत 'खरं आहे' नोंदवलं, तर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार घटनास्थळावरून गायब होतो आणि सगळा खटला ढासळतो. अनुभवी न्यायाधीश तिथं थांबते आणि सरळ विचारते, "थंय आसलो काय ना?" (तिथं होतास की नाही?) उत्तर आलं की मग नोंद. खुलाशासाठी प्रश्न विचारण्याचा अधिकार पुरावा कायद्यानं न्यायाधीशाला दिलेलाच आहे; जुन्या कायद्यात तो कलम १६५ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १६८ मध्ये आहे. फक्त तो वापरताना एका बाजूचा वकील होऊन चालत नाही.

दुसरी जागा हातवाऱ्यांची. साक्षीदार सांगतो, "इतक्या अंतरावर होता," आणि हातानं पिंजऱ्यापासून दारापर्यंत दाखवतो. कागदावर 'इतक्या' उतरलं की ते निरुपयोगी. वरच्या न्यायालयात बसलेल्या न्यायमूर्तींना तो हात दिसणार नसतो. म्हणून तिथल्या तिथं अंदाज घेऊन दोन्ही वकिलांसमोर लिहायचं, 'साक्षीदाराने अंदाजे चार मीटर अंतर दाखवले.' जखम दाखवली तर कुठल्या हाताची, कोपराच्या वर की खाली. साक्षीदार एखाद्या प्रश्नाला गप्प राहिला, रडला, पाणी मागितलं, तर तेही नोंदवायचं. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी शेरा लिहिण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती वापरणारे थोडे. निकाल लिहिण्याआधी बदली झाली, तर नव्या न्यायाधीशाच्या हाती फक्त कागद उरतो, आणि त्या कागदात साक्षीदार जिवंत ठेवायचं काम जुन्या न्यायाधीशाचं.

दिवाणी बाजूला गोव्यातल्या न्यायाधीशाची खरी कसोटी इन्व्हेंटरीत, म्हणजे मृताच्या मालमत्तेची वारसांत वाटणी करण्याच्या प्रकरणात, लागते. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून इथं लागू झाला आणि मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबींत राहिला. वारसा आणि इन्व्हेंटरीसाठी आता २०१२ चा गोव्याचा कायदा आहे, तो डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. माणूस गेला की वारसांपैकी कुणीतरी अर्ज करतो. कोर्ट कुटुंबप्रमुख नेमतं, जुन्या भाषेत काबेसा द काझाल. तो शपथेवर सांगतो: मृत्यू कधी, कुठं, मृत्युपत्र आहे का, लग्न कुठल्या पद्धतीनं, वारस कोण. मग मालमत्तेची यादी, मूल्यांकन, वारसांमधला लिलाव, ज्याच्या वाट्याला जास्त गेलं त्यानं इतरांना द्यायची रक्कम, आणि शेवटी वाटणीचा तक्ता.

यात काय चुकतं? सगळ्यांत जास्त वेळा माणसंच सुटतात. विशेष करार केला नसेल, तर गोव्यात लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, म्हणून वारसाची बायको किंवा नवरा हाही प्रकरणात यावा लागतो. जावयाचं नाव घातलं नाही, सून वगळली, पोर्तुगालला किंवा इंग्लंडला गेलेल्या भावाला नोटीस नीट बजावली नाही, की पाच वर्षांनी कुणीतरी उठतं आणि पूर्ण झालेली वाटणी पुन्हा उघडते. दुसरी चूक यादीत. जमिनीच्या फॉर्म एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबाचं नाव, पोर्तुगीज नोंदवहीत पणजोबाचं, घर पंचायतीच्या पट्टीत तिसऱ्याच्याच नावावर. ही मिळकत एकच की तीन, हे आधी ठरवल्याशिवाय मूल्यांकनाला हात लावायचा नसतो.

आणि मुलींचा वाटा. मुलगा-मुलगी दोघांना सारखा हिस्सा, आणि मुलंबाळं असणाऱ्याला मृत्युपत्रानं अर्ध्याहून जास्त मालमत्ता दुसऱ्याला देता येत नाही, हे गोव्याच्या कायद्याचं मोठेपण. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०१९ मध्ये एका निकालात गोव्याच्या समान नागरी कायद्याचं उदाहरण गौरवानं दिलं. तरी प्रत्यक्षात बहीण येते आणि म्हणते, मला काही नको. कायद्यानं ती हक्क सोडू शकते. खाली मान घालून, भावाकडं बघत ती हे बोलते तेव्हा न्यायाधीशानं काय करायचं? भाषण द्यायचं नाही, तिला अडवायचंही नाही. शांतपणे विचारायचं: मालमत्ता किती आहे हे तुम्हाला माहीत आहे का, यादी वाचलीत का, वाट्याची किंमत कळली का, वकील स्वतःचा आहे की भावाचाच. ही दहा मिनिटं बोर्डावरच्या पन्नास प्रकरणांतून काढावी लागतात. महिन्याअखेर कामाच्या युनिट्सचा हिशेब द्यायचा असतो, त्यात या दहा मिनिटांना रकाना नाही. तरीही ती काढणाऱ्या न्यायाधीशांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फौजदारी बाजूला हेच धैर्य मुलांच्या साक्षीत लागतं. गोव्यानं २००३ मध्ये स्वतःचा बालकायदा केला आणि त्यानुसार बाल न्यायालय स्थापन झालं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा देशाचा पोक्सो कायदा २०१२ चा, म्हणजे त्याच्या नऊ वर्षं नंतरचा. पोक्सोच्या कलम ३३ प्रमाणे वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायाधीशाला द्यायचा आणि न्यायाधीशानं मुलाला विचारायचा. मधे विश्रांती द्यायची, घरचं किंवा विश्वासाचं माणूस जवळ बसू द्यायचं, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, चारित्र्यावर घसरणारे प्रश्न होऊ द्यायचे नाहीत. कलम ३६ प्रमाणे आरोपी मुलाच्या नजरेला पडता कामा नये. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण, ही कलम ३५ ची मुदत.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात वकिलाचा प्रश्न तीन वाक्यांचा असतो, त्यात दोन तारखा आणि एक नकार. तो सात वर्षांच्या मुलीसाठी एका वाक्यात आणायचा, पण बचावाचा मुद्दा त्यातून निसटू द्यायचा नाही, कारण निसटला तर अपिलात आरोपीला तक्रारीला जागा मिळते. सुरुवात शाळेपासून होते: नाव काय, बाईंचं नाव काय, खरं बोलणं म्हणजे काय, खोटं बोललं तर काय होतं. हे प्रश्न आणि मिळालेली उत्तरं शब्दशः उतरवावी लागतात, कारण मुलाला कळतं की नाही हे वरचं न्यायालय त्यांवरूनच तपासतं. पडदा लावला पण आरोपीचा खोकला ऐकू आला, आणि मूल गप्प झालं, असं होऊ शकतं. म्हणून वेगळी खोली आणि व्हिडिओची जोडणी आधी स्वतः तपासलेली बरी. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात अशा खोल्या असाव्यात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ न्यायमूर्तींना आपला अनुभव पुन्हा खालच्या कोर्टासाठी वापरता आला.

स्त्री न्यायाधीश म्हणजे स्त्रीच्या बाजूनं निकाल, ही समजूत मात्र सोडायला हवी. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाच्या पीठावर सुजाता मनोहर होत्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं तिथून आली आणि २०१३ चा कायदा त्यावर उभा राहिला. त्याच विषयावर मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. निकाल लिहिला न्या. हिमा कोहली यांनी. चौकशी समितीनं सुनावण्या घाईनं लागोपाठ उरकल्या, समोरच्याला बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून बडतर्फीचा आदेश रद्द झाला आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली गेली. त्याच निकालात देशभरातल्या कार्यालयांनी, विद्यापीठांनी समित्या नीट नेमल्या आहेत का हे तपासण्याचे निर्देशही आहेत. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा चौकशीवर आलं ते घाईमुळं. साक्ष नोंदवण्यात चार दिवस वाचवले की किती वर्षं जातात, त्याचं गोव्यातलं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मग खाली ७० टक्के असलेल्या बायका वर का पोचत नाहीत? बरंचसं उत्तर वयाच्या गणितात आहे. उच्च न्यायालयात निवृत्तीचं वय ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. घटनेच्या कलम २१७ प्रमाणे दहा वर्षांची न्यायिक सेवा किंवा वकिली पुरते, पण प्रत्यक्षात न्यायसेवेतला अधिकारी पन्नाशी ओलांडल्यावर वर जातो, कारण उच्च न्यायालयातल्या साधारण एक तृतीयांशच जागा सेवेतून भरल्या जातात आणि आधी जिल्हा न्यायाधीश व्हावं लागतं. वकिलीतून येणारा पंचेचाळिशीतही येतो. दोघांची ज्येष्ठता शपथेच्या दिवसापासून मोजली जाते. साहजिकच मुख्य न्यायमूर्तिपद आणि दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय वकिलीतून आलेल्याच्या आवाक्यात येतं. न्या. बी. व्ही. नागरत्ना सध्याच्या ज्येष्ठताक्रमानुसार सप्टेंबर २०२७ मध्ये देशाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश होतील. मुदत ३६ दिवस. त्याही वकिलीतून आलेल्या.

गोव्याचं आणखी एक आहे. राज्य लहान, २०२५ च्या अखेरीपर्यंत तर जिल्हेही दोनच होते. बदली झाली तरी पेडण्याहून काणकोण. घर मोडावं लागत नाही, मुलांची शाळा बदलावी लागत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात सावंतवाडीहून गडचिरोलीला जावं लागणाऱ्या बाईला हे सुख नाही. गोव्यात इतक्या मुली या सेवेत येण्यामागं हे एक कारण असावं असं मला वाटतं. पण राज्य लहान म्हणजे जिल्हा न्यायाधीशांच्या जागाही मोजक्या, आणि बढतीची रांग लांब. शिवाय इथं प्रत्येकजण कुणाचा तरी सोयरा. जत्रा, लग्न, बारसं सगळीकडं वकील भेटतात, पक्षकार भेटतात. म्हणून न्यायाधीश बाई हळूहळू समारंभांना जाणं सोडते, आणि घरच्यांनाही ते समजून घ्यावं लागतं.

दोन निर्णयांनी हे गणित थोडं हललं आहे. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशपदासाठी खात्यांतर्गत स्पर्धा परीक्षेचा कोटा १० वरून २५ टक्के केला; म्हणजे नुसतं ज्येष्ठतेच्या रांगेत न थांबता परीक्षा देऊन पुढं जाता येतं. ९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठानं सांगितलं की वकिलीसाठी राखलेल्या २५ टक्के थेट भरतीतही न्यायिक अधिकारी अर्ज करू शकतात. वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं आणि वय किमान ३५. डिचोलीच्या कोर्टात बसलेल्या छत्तीस वर्षांच्या न्यायाधीशासाठी हा फरक दहा वर्षांचा ठरू शकतो, आणि वर जाताना दहा वर्षं हातात असणं म्हणजेच ज्येष्ठता.

मेच्या त्याच निकालानं प्रवेशाची अटही बदलली. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी आता तीन वर्षांची वकिली लागते. ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, न्यायमूर्तींकडं लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात, आणि निवड झाल्यावर खुर्चीवर बसण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. वकिलीचा दाखला त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा हवा, नाहीतर किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, आणि मग त्यावर त्या अधिकाऱ्याची सही हवी. गोव्यात कोंकणी येणं आवश्यक आहेच. कायद्याची पदवी घेऊन या वाटेला लागणाऱ्या मुलींनी ती तीन वर्षं क्लासच्या बाकावर घालवू नयेत. म्हापशाला किंवा मडगावला एखाद्या दिवाणी वकिलाकडं राहावं, एक तरी इन्व्हेंटरी अर्जापासून वाटणीच्या तक्त्यापर्यंत बघावी, उलटतपास चालू असताना न्यायाधीश काय सांगते आणि कागदावर काय उतरतं ते शेजारी बसून ताडून पाहावं. आणि तात्पुरत्या नोंदणीचा कागद फाइलमध्ये पहिला लावावा, कारण अर्ज भरताना सगळ्यांत आधी त्याचीच तारीख विचारतील.